तरंगती डिप ट्यूब वरून पिते: केग वापरताना या चुका टाळा

मे महिन्यातली संध्याकाळ, बाहेर 43 अंश, घरात आठ-दहा पाहुणे आणि फ्रिजमधल्या केगच्या, म्हणजे पेय गॅसच्या दाबाखाली ठेवायच्या स्टीलच्या पिंपाच्या, नळातून नुसतं फुस्स. ग्लासात थेंब नाही.

"संपलंय वाटतं की ओ दाजी," मेहुणा म्हणाला.

"संपतंय कसलं, उचलून बघ."

त्याने उचलला आणि लगेच खाली ठेवला. निदान पंधरा लिटर डाळिंबाचा कोंबुचा (आंबवलेला चहा) आत होता. गॅस सोडून झाकण काढलं, मोबाइलची बॅटरी मारली तर सिलिकॉनची नळी वरच्या स्टबवरून (आखूड स्टीलच्या नळीवरून) निसटून पडलेली आणि स्टीलचा गोळा पृष्ठभागावर निवांत तरंगतोय. नळाला द्रव मिळतच नव्हता, तो वरचा गॅस ओढत होता. नळी आवळायला आठ आण्याचा टाय लावायचा कंटाळा केला होता, त्याची ही शिक्षा.

साध्या कॉर्नी केगमध्ये स्टीलची लांब नळी थेट तळापर्यंत जाते, त्यामुळे पहिला ग्लास साक्याचाच निघतो. तरंगत्या डिप ट्यूबमध्ये द्रवाच्या पोस्टखाली (केगवरच्या, द्रव बाहेर येणाऱ्या जोडणीखाली) एक आखूड स्टब असतो, त्याला मऊ सिलिकॉनची नळी आणि तिच्या टोकाला पोकळ स्टीलचा गोळा. गोळा तरंगतो, नळीचं तोंड त्याच्या जरासं खाली बुडून राहतं. माझी आजी रांजणात तुरटी फिरवून ठेवायची आणि सकाळी ओगराळं वरच्यावर बुडवून निवळ पाणी काढायची, तळ ढवळू द्यायची नाही. ही नळी म्हणजे ते ओगराळं. बहुतेक चुका होतात त्या हे विसरल्यामुळे. हात तळातून ओढणाऱ्या नळीला सरावलेला असतो आणि ही नळी वरून पिते.

एक खुलासा आधीच करतो. हे साधन घरी बिअर करणाऱ्यांमुळे लोकप्रिय झालं. आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर करणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली गुन्हा आहे, म्हणून माझ्या केगात कोंबुचा, आल्याचा सोडा आणि डाळिंबाचा रस एवढंच असतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या सोलापूरच्या केगावात आहे. केग आणि केगाव हा निव्वळ योगायोग. पण सोलापुरी डाळिंब आणि ही नळी यांची जोडी खरंच जमते. रसातलं टॅनिन प्रथिनांना धरून हळूहळू खाली बसतं, थंडीत तर जास्तच, आणि वर लालभडक निवळ रस राहतो.

नळीची लांबी डोळ्यांनी ठरवणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. किटमधली नळी बहुधा लांब दिलेली असते, कापून घ्यायची म्हणून. लोक ती तशीच बसवतात, किंवा "जास्त नको" म्हणून बोटभर जास्तच कापतात. माप घ्यायला केगमधून काढलेली जुनी स्टीलची डिप ट्यूब वापरा. स्टब आणि सिलिकॉन मिळून तिच्याएवढी लांबी, वर दोन बोटं जास्त. गोळा रिकाम्या केगच्या तळाला आरामात टेकला पाहिजे आणि नळी तिथे ताणलेली नसावी.

लांबी चुकली असेल तर बिघाड *केव्हा* होतो त्यावरून ते ओळखता येतं. भरलेल्या केगमध्ये धार बारीक, चार-पाच लिटर काढल्यावर आपोआप सुधारते: नळीला वर मोड पडलाय. पातळी वर असताना नळीला वळसा घ्यावा लागतो, त्या वळशात ती पिचकते, पातळी उतरली की वळसा उघडतो. उलट, अर्ध्यापर्यंत सगळं छान आणि शेवटच्या भागात थुंकल्यासारखं येतं, थोडा द्रव, थोडा गॅस: नळी फार लांब आहे, उरलेली नळी तळाशी वेटोळं घालते आणि गोळ्याला तिरपं करून तोंड पाण्याबाहेर काढते. आणि दोन-तीन लिटर शिल्लक असताना एकदम गॅसच सुरू झाला, केग मात्र जड, तर नळी आखूड पडली. गोळा लटकतोय, पाणी खाली गेलंय.

नव्या नळीला पाकिटातल्या वेटोळ्याची सवय असते. गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून, हाताने सरळ करून, वजनाला एखादा चमचा बांधून रात्रभर टांगा. मग झाकण उघडं ठेवून केग साध्या पाण्याने भरा, वाटीवाटीने उपसत गोळा कसा उतरतो ते बॅटरीच्या उजेडात बघा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे चाचणीचं पाणी मी कूलरमध्ये ओततो. हिला सांगितल्याशिवाय ही चाचणी करू नका, एवढंच.

द्रवाच्या पोस्टमधून गॅस सोडणे

ही चूक अनुभवी माणसं करतात. तळापर्यंत नळी असलेल्या केगमध्ये एक जुनी युक्ती आहे: गॅसचा पाइप द्रवाच्या पोस्टला जोडायचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तळातून बुडबुडत वर येतो आणि लवकर विरघळतो. तरंगत्या नळीत हा गॅस पृष्ठभागाशीच बाहेर पडतो आणि फुर्र करून वर जातो. बुडबुड्यांना वर चढायला रस्ताच नाही. मी दोन दिवस असं करून "यंदा सोडा चढत का नाही" म्हणून सिलिंडरवाल्याच्या नावाने बोटं मोडली होती. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सरळ गॅस पोस्टला जोडा, 4 अंशाला दाब साधारण 12 पीएसआय (दाबमापकावरचं एकक) ठेवा आणि आठवडाभर विसरून जा. घाई असेल तर केग हलवता येतो, पण मग साका उठतो आणि तो पुन्हा बसायला दीड-दोन दिवस थांबावं लागतं. स्कूटरवरून मित्राकडे नेलेल्या केगलाही हाच नियम. पोहोचल्याबरोबर नळ उघडला तर तरंगत्या नळीवर केलेला खर्च वाया गेला समजा.

तीच युक्ती तुंबलेली नळी मोकळी करायला मात्र उपयोगी पडते. आल्याचा चोथा किंवा कोकमाची साल तोंडाशी अडकली, की गॅसच्या पाइपाला द्रवाचा डिस्कनेक्ट (पोस्टवर बसणारा जोड) लावून द्रवाच्या पोस्टमधून क्षणभर दाब द्यायचा. अडकलेला कण उलटा बाहेर उडतो. तरीही धार येत नसेल तर गॅस पूर्ण सोडून पोस्ट खोला आणि आतला पॉपेट (स्प्रिंगची छोटी झडप) बघा. कण तिथेही बसतात, आणि माणूस उगाच गोळ्याला दोष देत राहतो.

वर तरंगणारी घाण विसरणे

साका खाली बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही गोष्टी वर येतात आणि आपली नळी नेमकी तिथेच तोंड लावून बसलेली असते. कोंबुचाची साय, आल्याचे धागे, मसाला म्हणून टाकलेली दालचिनी, फर्मेंटरमधला, म्हणजे आंबवायच्या भांड्यातला, फेस. कोंबुचाच्या जिवाणूंना साय धरायला हवा लागते, त्यामुळे केगमधली हवा गॅसने नीट हुसकून लावली की वर जाड थर धरत नाही. केगमध्ये ओतताना मात्र गाळून घ्या. मसाला घालायचाच असेल तर स्टीलच्या जाळीच्या डबीत घालून ती तळाशी जाईल एवढी जड करा. नळीच्या तोंडाला मिळणारी जाळी मी लावतो, पण अगदी बारीक जाळी लावू नये, डाळिंबाच्या गराने ती दोन दिवसांत लिंपून जाते.

फर्मेंटरमध्येही हीच नळी लावून चव घ्यायची असेल तर जोरात फसफस चालू असताना नळ उघडू नका. फेस बसू द्या.

दुकानात मिळेल तो टाय, मिळेल ती नळी

सिलिकॉन निसटू नये म्हणून मी त्या प्रसंगानंतर नळकामाच्या दुकानातला पत्र्याचा क्लॅम्प लावला. तीन आठवड्यांनी उघडलं तर नळीवर तपकिरी कडं आणि कोंबुचाला खिळा चाटल्यासारखी चव. कोंबुचाची आम्लता पीएच 3 च्या आसपास असते, त्यात साधं लोखंड टिकत नाही, आणि पितळ तर अजिबात नको, त्यातलं तांबं पेयात उतरतं. स्टेनलेस 304 चा क्लॅम्प किंवा अन्नासाठी चालणारा नायलॉनचा टाय, एवढेच दोन पर्याय.

नळीचंही तेच. माशांच्या टाकीची पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त पडते, पण फ्रिजमध्ये ती कडक होते आणि गोळ्याला हलूच देत नाही. सिलिकॉन थंडीतही मऊ राहतं. मात्र सिलिकॉनमधून वायू सहज आरपार जातो. केगच्या आत त्याचं काही बिघडत नाही; केगपासून नळापर्यंतच्या बाहेरच्या पाइपाला तेच वापरलं तर सोडा हळूहळू उतरतो आणि हवा आत शिरते.

ओ-रिंग हरवणे

जुनी डिप ट्यूब काढून नवा स्टब बसवताना रबराची छोटी काळी ओ-रिंग जुन्या नळीसोबतच डब्यात जाते. मग वरचा गॅस पोस्टखालून द्रवात शिरतो, पारदर्शक पाइपात बुडबुड्यांची सलग माळ दिसते आणि ग्लासात अर्धा फेस. केग भरलेला असो की अर्धा, फेस सारखाच, यावरून ओळखा. आणि दोन्ही पोस्ट दिसायला सारखे असले तरी स्टब चुकून गॅसच्या बाजूला बसवू नका. गॅसच्या पोस्टच्या खालच्या कडेला खाचा असतात.

हेही खरं, की सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रत्येक फेसाला नळी जबाबदार नसते. लाइट गेली, केग तापला, की गॅस द्रवातून सुटायला बघतो. 4 अंशाला 12 पीएसआयवर जेवढा गॅस विरघळून राहतो, तेवढाच 25 अंशाला टिकवायला 30 पीएसआयच्या आसपास दाब लागतो. फ्रिज पुन्हा थंड होईपर्यंत थांबा, मग दुरुस्तीला हात घाला. प्लास्टिकच्या दाबाच्या फर्मेंटरमध्ये तर ही गंमत नव्हे. त्यांची मर्यादा बहुधा 35 पीएसआयच्या घरात असते, स्टीलच्या केगसारखी 130 नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या खोलीत असा फर्मेंटर बंद करून ठेवू नका, दाब सोडणारा व्हॉल्व्ह लावलेला असू द्या.

धुण्याबद्दल एकच सांगतो: नळी स्टबवरून आणि गोळ्यावरून काढून धुवा. जोडलेल्या जागीच चिकट थर बसतो. आल्याचा वास सिलिकॉन सोडत नाही, म्हणून आल्यासाठी मी वेगळी नळी ठेवलीय. दुधाचं काही केगात घालायचा मोह होईल, तो आवरा.

केगमध्ये किती उरलंय ते बघायला मी वजनकाटा वापरतो. रिकामा 19 लिटरचा केग साधारण 4.5 किलोचा असतो. तुमचा एकदा मोजून झाकणावर लिहून ठेवा. वजन साडेपाच किलोवर आलं की गोळा साक्याला टेकतो आणि पुढचा ग्लास गढूळ येतो. मी तिथे नळ बंद करतो. मेहुणा मात्र नेमका तोच ग्लास मागून घेतो. म्हणतो, "त्याच्यातच खरी चव आहे की ओ."