जॉर्जियाची क्वेव्री वाइन कशी करतात
जॉर्जिया या कॉकेशसमधल्या देशात, पूर्वेच्या काखेती भागात वाइन मातीच्या मोठ्या रांजणात करतात, त्याला क्वेव्री म्हणतात, जॉर्जियात वाइन करण्याची परंपरा तब्बल ८००० वर्षांची आहे, क्वेव्री पद्धतीची २०१३ मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली.

रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाश्यांचं मेण लावलेला आणि एकदम स्वच्छ असायला हवा, इथे आळस अजिबात नको. र्कात्सितेली जातीची पांढरी द्राक्षं लाकडी कुंडात पायाने तुडवायची, रस, सालं, बिया, देठ सगळंच आत. यीस्ट सालीवरचंच चालतं. फसफसायला लागलं की सालांचा जाड थर वर येतो, तो दिवसातून तीन-चारदा लाकडी दांड्याने खाली दाबायचाच, नाहीतर वाइन आंबट होते. थर तळाला बसला की दगडी झाकण, कडेने ओली माती, आणि थेट वसंतात उघडायचं. तो सुंदर अंबर रंग सालांमुळेच येतो.