बंगल्यातील जुन्या तरण तलावाची दुरुस्ती : फरशीला हात लावण्याआधी या चुका टाळा

बडोद्यातील जुन्या बंगल्यांच्या मागील अंगणात एकेकाळी हौसेने बांधलेले तरण तलाव आता दुरुस्तीला आले आहेत. फरश्या सुटतात, पाण्याची पातळी रोज थोडी खाली जाते आणि मालक सर्वांत आधी फरशीवाल्याला बोलावतो. पैसा वाया जाण्याची सुरुवात बहुधा इथेच होते, कारण खरा बिघाड फरशीच्या मागे किंवा जमिनीखाली दडलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पावसाळ्यात किंवा तो सरताच तलाव रिकामा करणे. दिवाळीला पाहुणे येण्याआधी काम उरकावे, म्हणून भाद्रपदातच पंप लावला जातो. परंतु विश्वामित्री नदीच्या आसपासच्या सखल वसाहतींत त्या दिवसांत भूजल बरेच वर आलेले असते. तलावातील पाणी आपल्या वजनाने हौदाला दाबून धरते आणि ते उपसले की जमिनीतील पाणी त्याला खालून उचलू लागते. हिशेब साधा आहे : ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद हौदाच्या तळापेक्षा भूजल १ मीटर उंच असेल, तर तळावर सुमारे ३२ टनांचा उचलणारा जोर येतो. त्यामुळे तळाला तडे जातात, नळ तुटतात आणि क्वचित अख्खा हौदच वर सरकतो. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये घ्यावे आणि तरीही उपसण्यापूर्वी तलावाशेजारी तळापेक्षा खोल भोक घेऊन त्यात पाणी लागते का ते पाहावे. तळाच्या निचऱ्याजवळ दाब सोडणारी झडप असल्यास ती मोकळी आहे ना, हेही तपासावे. आधीच्या एखाद्या दुरुस्तीत गवंड्याने ती सिमेंटने बुजवून टाकलेली असू शकते. (२०२४ च्या ऑगस्टमधील पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, हे आठवून पुरानंतर गढूळ तलावात उतरण्याची घाई कोणी करू नये.)

दुसरी चूक म्हणजे गळती कोठे आहे हे न शोधताच तिच्यावर उपाय करणे. मे महिन्याच्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसते वाफ होऊन जाऊ शकते. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी, बादलीच्या आतील व बाहेरील पातळीवर खुणा कराव्यात आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहावे. बाहेरची पातळी अधिक उतरली असेल तर गळती आहे. हीच चाचणी पंप चालू ठेवून केल्यावर घट आणखी वाढली, तर दोष बहुधा पाणी परत आणणाऱ्या नळांत असतो आणि तेव्हा नवी फरशी बसवून काहीच साधत नाही.

जुन्या फरशीवर नवी फरशी चिकटवण्याचा मोहही टाळावा. हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून जो भाग पोकळ वाजेल, तेथील गिलावा काँक्रीटपर्यंत काढलाच पाहिजे. भेगेवर सिमेंट फासणे ही निव्वळ रंगरंगोटी आहे. ती खाच पाडून योग्य मसाल्याने भरावी, जलरोधक थर द्यावा, आणि फरशी लावण्यापूर्वी हौद भरून निदान ७२ तास पाणी टिकते का ते पाहावे.

कडेच्या ओट्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. बडोद्याच्या अनेक भागांतील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ओटा हलतो. हौद व ओटा यांच्यामधील सांधा सिमेंटने भरल्यास ती हालचाल थेट काठाच्या दगडांवर येते आणि ते निखळतात. तेथे लवचीक सीलंटच हवे. ओट्याचा उतार तलावाकडे नव्हे, बाहेर असावा. ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर पुरेसा होतो. चकचकीत ग्रॅनाइट ओले झाले की घसरते आणि गडद दगड दुपारी पाय भाजतो, म्हणून फिकट, खरखरीत दगडच निवडावा.

वीजकामात काटकसर नको. पाण्यातील जुने २३० व्होल्टचे दिवे काढून १२ व्होल्टचे बसवावेत, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण) लावावे. सफाईचे आम्ल आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. तलाव भरल्यावर नव्या सिमेंटमुळे पहिले काही आठवडे पाण्याचा पीएच (आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा) चढत राहतो. तो रोज मोजून ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणावा.