त्रुहियो: गाव की आडनाव, कसं ओळखायचं

त्रुहियो (Trujillo) हे स्पॅनिश आडनाव पण आहे आणि गावाचं नाव पण, त्यामुळे यादीत दिसलं की गोंधळ ठरलेला. आधी उच्चाराचं बघून घेऊ, कारण स्पेलिंग बघून आपण सगळे बिनधास्त 'ट्रुजिलो' म्हणतो, मीपण कितीतरी दिवस तेच म्हणत होतो. स्पॅनिशमध्ये जे चा ह होतो आणि डबल एल चा य, म्हणून त्रुहियो. समोरचा ब्युनोस आयर्सचा असेल तर त्रुहिशो ऐकू येईल, दचकू नका.

मी पुण्यात स्पॅनिश शिकून एका आउटसोर्सिंग प्रोसेसला (परदेशी कंपनीचं काम इथून करतात तिथे) लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. नावांची लिस्ट आडनावाप्रमाणे लावायची होती, मी आपलं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरून अख्खी शीट सॉर्ट केली, आणि मध्ये जिथे त्रुहियो दिसलं तिथे हे शहर असणार म्हणून उचलून शहराच्या कॉलमात टाकलं. मग दोन दिवस निस्तरत बसलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

नाव वाचताना शेवटचा शब्द सोडा आणि मागून दुसरा धरा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे पहिलं बापाचं, दुसरं आईचं, आणि बायका लग्नानंतर बदलत नाहीत. डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा राफाएल लेओनिदास त्रुहियो मोलिना घ्या. राफाएल लेओनिदास ही त्याची नावं, त्रुहियो बापाकडचं, मोलिना आईकडचं, म्हणजे यादीत तो टी खाली जाणार, एम खाली नाही. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसला नुसतं मार्केस म्हणणं पण त्याच जातीची चूक. मात्र पहिलं आडनाव फारच कॉमन असेल तर लोक दुसऱ्यावरच येतात, म्हणून कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला सगळे लोर्का म्हणतात (आणि गंमत म्हणजे लोर्का हे पण स्पेनमधलं गावच आहे). स्पेनमध्ये 2000 पासून आईबाप आपसात ठरवून क्रम उलटा करू शकतात, आणि 2017 पासून तर बापाचंच पहिलं हे आपोआप धरतच नाहीत. त्यामुळे शंका आली की सरळ विचारायचं, कोणी रागवत नाही.

आता गावाचं आडनाव का होतं, हे मराठी माणसाला शिकवायला नको. फरक एवढाच की त्यांच्याकडे 'कर' लागत नाही, गावाचं नाव तसंच्या तसं चिकटतं, फार तर गावाच्या नावाआधी एक 'दे' (म्हणजे 'चा') येतो. पण लॉजिक आपलंच. साताऱ्यात राहणाऱ्याला सातारकर कोण म्हणणार, तो सातारा सोडून दुसरीकडे गेला की मग म्हणतात! म्हणजे आडनाव त्रुहियो दिसलं की एवढंच समजायचं, कधीतरी कोणीतरी त्रुहियोहून निघालं होतं, आज तो माणूस तिथला आहे असं अजिबात नाही. आणि रक्ताचं नातं पण धरू नका, अमेरिका खंडात बाप्तिस्मा झालेल्या कित्येक मूळनिवासींना आणि गुलामांना पाद्री, मालक नाहीतर धर्मपिता यांच्याकडून आडनावं मिळाली. फिलिपिन्समध्ये तर 1849 मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांचं कॅटलॉगच काढलं आणि लोकांना त्यातून आडनावं वाटली, त्यामुळे तिकडचा स्पॅनिश आडनावाचा माणूस स्पेनशी जोडायला जाऊ नका.

बरं, पण कुठलं त्रुहियो? मूळचं स्पेनमधलं, एस्त्रेमादुरात, कासेरेस प्रांतात, माद्रिदपासून ए-5 हायवेने साधारण 250 किलोमीटर. इंकांचं राज्य बुडवणारा फ्रान्सिस्को पिसारो इथलाच, म्हणून पेरूमधल्या शहराला पण हेच नाव पडलं, त्याच्या शेजारी चान चानचं मातीचं जुनं शहर आहे. होंडुरासमधलं त्रुहियो समुद्रकाठी, 1525 चं. व्हेनेझुएलातलं त्रुहियो आणखी वेगळं, तिथे त्या नावाचं राज्य पण आहे. म्हणून फॉर्ममध्ये शहर त्रुहियो आलं की देशाचा कॉलम बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

सगळ्यात खतरनाक केस मात्र उलटी आहे. वरचा तो हुकूमशहा, त्याचं आडनाव गावावरून आलेलं, आणि त्याने 1936 मध्ये राजधानी सांतो दोमिंगोचं नाव बदलून सिउदाद त्रुहियो (सिउदाद म्हणजे शहर) करून घेतलं, म्हणजे गावाचं आडनाव, आडनावाचं परत शहर! 1961 मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि त्याच वर्षी जुनं नाव परत आलं. तेव्हा 1936 ते 61 मधल्या डोमिनिकन कागदावर जन्मस्थान सिउदाद त्रुहियो असेल तर सरळ सांतो दोमिंगो वाचायचं, नकाशात शोधत बसू नका.

कोणाचं घराणं शोधायचं असेल तर उलटीकडून चाला, आजच्या माणसापासून एक एक पिढी मागे. स्पेनच्या आकडेवारी खात्याच्या साइटवर आडनाव टाकलं की कुठल्या प्रांतात किती लोक ते कळतं, फुकट आहे. जुनी कागदपत्रं पारेस नावाच्या सरकारी पोर्टलवर, सेव्हिया शहरातल्या इंडीज अभिलेखागारातली (स्पेनच्या जुन्या वसाहतींची कागदपत्रं जिथे ठेवलीत) जहाजाने अमेरिका खंडात गेलेल्यांची नोंद पण तिथे मिळते. स्पेनची सरकारी जन्मनोंदणी 1871 पासूनची, त्याच्या आधीचं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांमध्ये. आणि सर्च करताना जे च्या जागी एक्स टाकून पण बघा, जुन्या कागदात त्रुहियो तसंच लिहिलेलं असतं, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर निम्मे तास वाचले असते.

तिकीट काढायचं झालं तर टीआरयू हा एअरपोर्ट कोड पेरूचा आहे. स्पेनच्या त्रुहियोला एअरपोर्ट नाही आणि रेल्वे पण नाही, माद्रिदहून बसच पकडावी लागते.