स्वस्त बफरने गाडीला पॉलिश आणि वॅक्स : माझा अनुभव
सोलापूरच्या उन्हात बॉनेट तव्यासारखं तापतं. त्यावर वॅक्स पसरण्याआधीच वाळतं आणि पांढरे पट्टे उरतात. म्हणून काम सकाळी लवकर, सावलीत. बोअरच्या पाण्याचे क्षारडाग आधी काढले: पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, पुसून लगेच धुतलं. मग शाम्पूच्या पाण्यावर क्ले बार (पत्र्याला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवला, कारण बफरखाली, म्हणजे पॅड फिरवून पत्रा घासणाऱ्या मशीनखाली, अडकलेला धुळीचा कण ओरखडे पाडतो.

स्वस्त ऑर्बिटल बफरची मोटर दुबळी. दाब दिला की पॅड अडतो, नुसता थरथरतो. मशीनचं वजनच पुरे. पॉलिशचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पॅडवर घ्यायचे, गाडीवर नाही. पॅड पत्र्यावर टेकवूनच बटण चालू आणि बंद करायचं, नाहीतर शिंतोडे काचेपर्यंत. दोन फूट बाय दोन फूट भाग, आडवे-उभे हात, हळू. नखाला लागणारा ओरखडा याने जात नाही, त्यामागे लागू नका.

वॅक्ससाठी वेगळा पॅड, थर अगदी पातळ. बोट फिरवल्यावर चिकट न लागता भुकटी सुटली की मायक्रोफायबरने पुसायचं. काळ्या प्लास्टिकवर आधीच मास्किंग टेप लावा. तिथे वाळलेलं वॅक्स काढणं फार जिकिरीचं.