मैदान बंद पडलं, तर स्वभाव बघून व्यायाम लावा

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि जळगावात मेहरूण तलावावरचं आमचं सकाळचं पळणं थांबलं. पुन्हा तशी वेळ आलीच, तर वेळापत्रक आखण्याआधी स्वतःचा अंदाज घ्या. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये मांडलेली जीवन-समाधानाची मोजपट्टी सोपी आहे: पाच विधानं, प्रत्येक किती पटतं त्याला 1 ते 7 गुण, बेरीज 20 आली म्हणजे मधोमध. महिन्यातून एकदा वहीत बेरीज मांडा. रोज मांडू नका, उगाच डोकं फिरतं.

आता स्वभाव. माणसांत रमणाऱ्याचं एकट्याने दोरीउड्या मारून भागत नाही. आमच्या ग्रुपात हेच जास्त. पळणं थोडं, गप्पा अन् पोहे भरपूर! अशांनी फोन स्पीकरवर ठेवावा आणि पलीकडच्या भाऊला मोठ्याने आकडे मोजत बैठका काढायला लावाव्यात. काळजीखोर असाल तर आधी व्यायाम, मग बातम्या. हा क्रम उलटला की पाय उचलतच नाहीत. शिस्तीच्या माणसाला एवढंच सांगणं, की ताप असताना सूर्यनमस्कार घालू नका. वहीतला एक रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.

मे महिन्यात गच्चीवरचा व्यायाम उन्हं चढायच्या आत उरका. आपल्याकडे पारा 45 ला टेकतो आणि फरशी अनवाणी पायाला चटके देते. आजारातून उठलात तर थेट पळू नका, आधी घरातच चाला. जिना चढताना छातीत दुखलं तर थांबा आणि डॉक्टर गाठा.