आंब्याच्या कलमाला खत घालण्याआधी माती तपासा

शेजाऱ्याने युरिया घातला की आपणही घालायचा, असं आमच्या कोकणात, राजापूरकडे सर्रास चालतं. पण आपली माती जांभ्याची. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो, माती आम्ल होते, आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह नि ॲल्युमिनियम धरून बसतात. झाडाला मिळतो चिमूटभर.

नमुना मार्चात घ्या, आंबा उतरवायची धांदल सुरू व्हायच्या आत. जूनमधल्या खताला तोवर बरेच महिने झालेले असतात. सडा (वरचं कातळाचं पठार) आणि आगर (खालची सपाट बागायत) यांची माती एकत्र करू नका. दोन्हींचे नमुने वेगळे. सारख्या दिसणाऱ्या भागात आठ-दहा कलमं निवडा. दुपारी बाराला सावली पडते त्या कडेला, वरचा पाला सारून फूटभर खोल खड्डा घ्या. टिकाव लागलेली बाजू बांबूच्या कांबीने खरवडून टाका, नाहीतर अहवालात लोह, जस्त उगाच जास्त येतं. मग वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढा. फूट ते दोन फूट खोलीची माती वेगळी ठेवा. खाली कातळ लागला तर तेवढी खोली चिठ्ठीवर लिहा, तीही कामाची. एका खोलीची सगळी माती घमेल्यात कालवा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताचं रिकामं पोतं चुकूनही वापरू नका! चिठ्ठी पेन्सिलीने लिहा.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासणी होते. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर चुना हवा. किती, ते प्रयोगशाळेला विचारा. वळवाचा पाऊस पडला की चुना मातीत मिसळा. शेणखत तीन-चार आठवड्यांनी. दोन्ही एकत्र घातलं तर नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं.

दहा वर्षांवरच्या कलमाला विद्यापीठाची शिफारस दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश (पोटॅश). हे अन्नद्रव्याचं वजन आहे, खताचं नव्हे; दीड किलो नत्रासाठी सव्वातीन किलो युरिया लागतो. अहवाल बघून यात कमी-जास्त करा.

बागेतला पाला मात्र पेटवू नका. बुंध्यापासून हातभर सोडून आळ्यात पसरा. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलंत तर त्याचा कवळ, म्हणजे छाटलेला हिरवा पालाही, तिथेच घालता येतो.

चुना घातलेल्या भागाचा नमुना पुढच्या मार्चात पुन्हा पाठवा. बाकीच्याला दोन-तीन वर्षं थांबलात तरी चालेल.