सिरॅमिक कॉम्पोझिटचा जॉब हाताळताना या चुका टाळा

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत बिडावर आणि स्टीलवर हात बसलेल्या माणसाला सीएमसीचा (सिरॅमिक मॅट्रिक्स कॉम्पोझिट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांभोवती सिलिकॉन कार्बाइडच भरलेला माल) तुकडा उचलताच खोटा वाटतो, इतका तो हलका. निकेल सुपरअलॉयच्या (इंजिनातल्या उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या) साधारण एक तृतीयांश वजन, आणि टिकाव १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. लीप विमान इंजिनात २०१६ पासून टर्बाइनच्या पात्यांभोवती याच सिलिकॉन कार्बाइडची कडी बसतात. हे ऐकलं की सगळ्यांचं लक्ष तापमानावर जातं, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

नमुना फर्नेसमध्ये कोरड्या हवेत ठेवला, काही झालं नाही, की लगेच पास! अहो, कोरड्या हवेत त्यावर सिलिकाचा पातळ थर धरतो आणि तोच आतला माल राखतो. इंजिनात इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती या सिलिकाचा वायू करते, झोताबरोबर तो निघून जातो आणि भिंत झिजत राहते. म्हणून चाचणी वाफेतच घ्या आणि वाफ अडवणारं यटर्बियम डायसिलिकेटसारखं कोटिंग द्या. धातूच्या पात्यांवर उष्णता अडवायला देतात तो झिर्कोनियाचा (सिरॅमिकचा) लेप इथे थेट चढवू नका. तो सिलिकॉन कार्बाइडच्या दुपटीने फुलतो, तापून-निवून पोपडे सुटतात.

कोटिंग झाल्यावर भोक पाडायचं, ही तर हमखास चूक. कापलेल्या कडेला धाग्यांची टोकं उघडी पडतात. धाग्यांवर बोरॉन नायट्राइडचा जेमतेम मायक्रॉनभर लेप असतो. सातशे-आठशे अंशांना हवा आत शिरली की तो जळतो आणि धागे आजूबाजूच्या मालाला चिकटतात, मग तडा धाग्यांपाशी न अडता थेट आरपार जातो. १२०० ला सिलिकाचा थर लवकर धरून उघडी कड बंद करतो, ८०० ला तो तितका लवकर धरत नाही. त्यामुळे १२०० अंशांना पास झालेला जॉब ८०० ला दगा देऊ शकतो. तुटलेला तुकडा भिंगाखाली धरा. धाग्यांची टोकं ब्रशसारखी बाहेर आली असतील तर लेप शाबूत आहे. काचेसारखा सपाट तुटला असेल तर लेप गेला समजा.

फिटिंगचं गणितही वेगळं. १०० मिमी लांबी ८०० अंशांनी तापवली तर निकेल मिश्रधातू सुमारे १.१ मिमी वाढतो, सिलिकॉन कार्बाइड ०.४ च्या आत-बाहेर. थंडपणी घट्ट बसवलेला धातूचा पिन गरम झाल्यावर भोकच फोडतो. क्लिअरन्स गरम अवस्थेचा काढा, स्टीलच्या सवयीचा नको.

ग्राइंडिंगला डायमंड व्हीलच लागतं, त्यात वाद नाही. पण या मालात बारीक पोकळ्या असतात, त्यांत कूलंट मुरतो. कोटिंगला पाठवण्याआधी धुऊन ओव्हनमध्ये नीट सुकवा.